बाथरूमच्या कोटेशनमध्ये आधी माप पाहावे

बाथरूमच्या नूतनीकरणाचे कोटेशन रास्त आहे का, हे ‘सगळे मिळून इतके’ अशा एका आकड्यावरून ठरवता येत नाही. उमरेडसारख्या गावात बरीच कामे मात्र अशीच, तोंडी ठरतात. दोघांचे आकडे विचारायचे आणि कमी सांगेल त्याला काम द्यायचे. पण एकाने जुनी फरशी फोडणे, मलबा उचलणे आणि वॉटरप्रूफिंग धरलेले असते आणि दुसऱ्याने यातले काहीच धरलेले नसते, तेव्हा ही तुलनाच फसवी ठरते.

तपासणीची सुरुवात टेपने करावी. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमची जमीन 35 चौरस फूट भरते. चार भिंतींची लांबी 24 फूट. सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर 168 चौरस फूट होतात, त्यातून अडीच बाय सातचे दार वजा केले की सुमारे 150 उरतात. सारे मिळून 185, आणि कटिंगची तूट दहा टक्के धरली तरी 205च्या आतच. कोटेशनमध्ये 260 चौरस फूट लिहिले असतील, तर दर कितीही कमी असो, माप फुगवलेले आहे. दार-खिडकी वजा न करण्याची खोड जुनीच आहे.

ठेकेदाराचीही एक बाजू आहे. हॉलमध्ये अख्ख्या फरश्या भराभर बसतात. बाथरूममध्ये नळाची भोके, कोपरे आणि नहाणी ट्रॅपकडचा ढाळ सांभाळत ओळीओळीला कापावे लागते. मिस्त्री आणि रेजाची हजेरी तेवढीच पडते, काम मात्र निम्मेच दिसते. म्हणून लहान कामाचा दर चढा असणे ही लूट नव्हे. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची कामाच्या बाबी आणि त्यांचे वर्णन समजून घ्यायला उपयोगी आहे, पण सरकारी कामांचे तिचे दर दाखवून मिस्त्रीचा भाव पाडणे गैर आहे.

खरी काटछाट होते ती फरशीखाली. जुन्या फरशीवरच नवी चिकटवली की तोडफोड आणि मलबा वाचतो. पण जमीन वर येते, उंबऱ्याशी पाणी खोलीकडे वळते आणि मूळ गळती तशीच राहते. वॉटरप्रूफिंग कोणत्या मालाचे, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, हे लिहून घ्यावे. टाइल्स लावण्याआधी ट्रॅप बुजवून किमान 24 तास पाणी साठवायचे आणि भिंतीतले पाइप झाकण्यापूर्वी दाब देऊन तपासायचे, हेही कागदावर हवे. या बाबी गाळल्या की आकडा कमीच दिसणार.

‘जीएसटी वेगळा’ असे लिहिणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागावा, कारण नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करता येत नाही. लेबर रेट आहे की मटेरियलसह, टाइल्स आणि नळ कोणत्या कंपनीचे, हे स्पष्ट असावे. हप्ते टप्प्यांना बांधावेत: तोडफोड, पाइप, पाण्याची चाचणी, टाइल्स. शेवटचा हप्ता ग्राउट भरून, नळ चालवून पाहिल्यावरच द्यावा. अर्ध्याहून जास्त रक्कम आगाऊ मागितली तर ते खटकलेच पाहिजे.

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मोबदला घेऊन केलेले असे काम सेवेत मोडते आणि सेवेत कसूर झाल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तिथे बाबवार कोटेशन आणि पावत्या उपयोगी पडतात. तोंडी ठरलेला व्यवहार सिद्ध करणे फार अवघड जाते.

– एक वाचक, उमरेड