फ्यूज उडाला नाही



हा अंक पंधरा दिवस उशिरा तुमच्या हातात पडतोय. कागदासाठी जमवलेले पैसे दुसरीकडे गेले. आमच्या टोळीतला एक माणूस यार्डात चिकटून मेला. त्याला गावाकडं न्यायची गाडी, डिझेल, तिरडी, यात ते गेले. कवितांना थांबायला सांगितलं. थांबल्या बिचाऱ्या.

उरणच्या बाजूचं एक यार्ड. रात्रपाळी, पावसाचे पहिले दिवस. हॅलोजनचा स्टँड इकडचा तिकडं न्यायचा होता. स्टँड लोखंडी. वायरला तीन जोड, त्यातल्या एकावर टेपऐवजी दुधाची पिशवी गुंडाळलेली. गमबूट फाटका, आत पाणी. त्यानं स्टँड धरला आणि तसाच उभा राहिला. ओरडलासुद्धा नाही. आम्हाला वाटलं, दम खातोय. एकानं ओळखलं, फळी घेऊन हातावर मारली, तेव्हा सुटला. पण उशीर झाला होता. मी मेन बोर्डाकडं धावलो. किटकॅट जागच्या जागी. बाकीचे हॅलोजन लख्ख जळत होते.

कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. मायला, खोटं तरी कसं म्हणायचं? हृदय बंद पडूनच माणूस मरतो. कुणी बंद पाडलं, याचा रकाना त्या कागदात नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "आरं, शाक आसता तर फ्यूज उडाला नसता का? तू काय इंजनेर हायेस? म्याट्रिक तू."

म्याट्रिक आहे म्हणूनच हिशेब मांडतो.

घरातला साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपियर करंट घेतो. त्याच्या निम्मा, सव्वाशेच्या आसपास करंट छातीतून एक-दोन सेकंद गेला तरी हृदयाची लय मोडू शकते. आता किटकॅट बघा. त्यातली तार पाच अँपियरची असते, म्हणजे पाच हजार मिलिअँपियर. चाळीस माणसं एका वेळी चिकटली तरी त्या तारेला पत्ता लागायचा नाही. आणि तीही तार खरी असली तर. आमच्याकडं दर वेळी उडतो म्हणून तांब्याच्या चार पदरांचा वेढा मारलेला असतो. फ्यूज बसवलेला असतो वायर जळू नये म्हणून. माणूस त्याच्या हिशेबात कधी नव्हताच. एमसीबीचंही तेच, फक्त दिसायला साहेबी. त्या रात्री वायर वाचली, माणूस गेला. फ्यूजनं आपलं काम चोख केलं.

माणसासाठी वेगळं यंत्र आहे. आरसीसीबी; बाजारात जुन्या नावानं ईएलसीबीही म्हणतात. जेवढा करंट फेजनं गेला तेवढा न्यूट्रलनं परत आला का, हे ते मोजत बसतं. तीस मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतं. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात व्हायचे, त्यावर उपाय म्हणून हेन्री रूबिन नावाच्या इंजिनिअरनं १९५५ च्या सुमारास यातलं एक सुरुवातीचं यंत्र बनवलं. म्हणजे हे खाणमजुरासाठी निघालेलं यंत्र आहे. आज ते टॉवरच्या फ्लॅटमध्ये सापडतं आणि मजुराच्या बोर्डावर सापडत नाही. दीड-दोन हजाराला मिळतं. आमच्या माणसाची किंमत तेवढी झाली नाही.

कायदा नाही असं नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६१ सांगतं, विजेनं माणूस मेला, अरे जनावर मेलं तरी, विद्युत निरीक्षकाला कळवा. आमच्याकडं कुणी कळवलं नाही. २०१० च्या केंद्रीय नियमांत हे यंत्र सक्तीचं केलं होतं, पण २५० व्होल्टपर्यंतच्या, पाच किलोवॅटखालच्या जोडणीला सूट देऊन! दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. आमच्या खोलीचा एक किलोवॅटही भरत नाही. गरिबाचा शॉक हलका असतो वाटतं. २०२३ ला ते नियम जाऊन नवे आले. आमच्या चाळीच्या बोर्डावर अजून किटकॅटच आहे.

आणि शहरात बसून वाचणाऱ्यांनो, हे फक्त यार्डाचं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. अलिबागजवळ उमटे गावात विजेचा खांब अंगावर पडून एक माणूस गेला. पुढं श्रीवर्धन, मुरूडकडं आठवड्यांमागून आठवडे अंधार. आमच्या वाडीचा खांब लाईनीतला शेवटचा. दिवे आल्यावर ज्याला जसं जमलं तसे त्यानं जोड मारले. तात्पुरते. ते तात्पुरते जोड अजून तसेच आहेत. सर्व्हिस वायर पत्र्याच्या धारेवर घासते, खारी हवा अर्थिंगची तार खाते. पत्र्यात करंट उतरतो. पत्र्याच्या अँगललाच कपडे वाळत घालायची तार बांधलेली. ओलं लुगडं घेऊन आई तिथं जाते. फ्यूज? तो कशाला उडेल!

न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, तेव्हापासून इथली रात्र पांढरी आहे. समोर पाण्यात घारापुरी. तिथं वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. मधली एकोणतीस वर्षं तिथले लोक आमचा उजेड बघत बसले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि मजूर एकाच टेबलावर होते. वीज सगळ्यांना मिळावी म्हणून ते भांडले. ती अशी मिळेल, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, असं त्यांच्या मनात नसणार.

आमच्या टोळीनं ठरवलंय, लोखंडी स्टँडला अर्थिंग नसेल, जोड उघडा असेल, तर हात लावायचा नाही. दोन खाडे पडले. पडू देत. विद्युत निरीक्षकाकडं अर्ज दिलाय, त्यावर अकरा सह्या आणि चार अंगठे आहेत.

येत्या रविवारी सकाळी आमच्या वाडीतली घरं तपासणार आहोत. आयटीआयवाले दोन दोस्त येतायत. काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटात वायर अडकवलेली दिसली की काढायची, तीन पिनांचा टॉप लावायचा. कपड्यांची तार पत्र्यावरून सोडवून नायलॉनची दोरी बांधायची. जिथं पैसे जमतील तिथं आरसीसीबी. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायचं हेही घरच्यांना शिकवायचं. त्याच्या भरवशावर अर्थिंग सोडायचं नाही, आणि फेज-न्यूट्रल दोन हातांत धरले तर त्यालाही कळत नाही, हे पोरांना नीट सांगा. ज्यांच्याकडं टेस्टर, रबरी हातमोजे, जुने टॉप असतील त्यांनी घेऊन या. मेन स्विच आधी बंद. कवितांची वही नंतर काढू.