स्वमतही गाइडातले!

विद्यार्थी वाचत नाहीत, असा आक्रोश दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने नव्याने होतो. शाळाशाळांतून पुस्तके मांडली जातात, सामूहिक वाचन होते, छायाचित्रे निघतात आणि पुस्तके पुन्हा कपाटात जातात. वाचलेल्यात काय होते, ते पटले की नाही आणि का, हे मात्र कोणी विचारत नाही. खरा रोग तेथे आहे.

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. विद्यार्थ्याने स्वतःचे मत मांडावे, हा त्यामागचा हेतू निश्चितच चांगला. पण बाजारातील गाइडे स्वमताचीही तयार उत्तरे छापतात, शिकवणीवर्ग ती पाठ करून घेतात आणि एकाच वर्गातील साठ मुलांचे ‘स्वतःचे’ मत शब्दशः एकच निघते. ज्या व्यवस्थेत मतसुद्धा विकत मिळते, तेथे विद्यार्थी विचार करणारा नागरिक न होता मालाचा ग्राहक होतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी अशा शिक्षणाला बँकेतील ठेवीची उपमा दिली होती. शिक्षकाने ज्ञान जमा करायचे, विद्यार्थ्याने ते परीक्षेच्या दिवशी परत करायचे. व्याजाची अपेक्षा कोणालाच नाही.

वादविवाद स्पर्धा हे यावरील उत्तर आहे, असा एक समज आढळतो. तो भ्रामक आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले: सत्य जाणण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची खोडण्यासाठी वितंडा. चषकासाठीच्या स्पर्धा जल्प शिकवतात. पुढे राजकारणात वितंडा आपोआप येते.

अर्थपूर्ण चर्चेची शिस्त वेगळी आहे. इचलकरंजीतील एखादा वर्ग घ्यावा. मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, असे वाक्य अर्थशास्त्राच्या पुस्तकात येते. समोर यंत्रमाग कामगाराचा मुलगा बसलेला असतो. त्याच्या वडिलांची मजुरी कापडाच्या मीटरवर मोजली जाते. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. शिक्षकाने प्रथम लेखकाचे म्हणणे, लेखकालाही मान्य व्हावे इतक्या प्रामाणिकपणे, मुलांकडून मांडून घ्यावे. मग विचारावे: याला पुरावा कोणता? लेखकाने काय गृहीत धरले? माग बंद असतानाचा तोटा कामगारानेच का सोसावा, याचे उत्तर या वाक्यात आहे काय? मुलाचा अनुभवही तपासावा, कारण एका घराचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे. सूत महागले आणि कापडाला उठाव नसला, तर लहान मागधारकाची काय अवस्था होते, हे मागधारकाच्या मुलीने सांगावे. शेवटी आपले मत बदलले का आणि कशामुळे, हे प्रत्येकाने लिहावे. अशा एका तासात पुस्तकाची आणि जीवनाची गाठ पडते.

‘मग अभ्यासक्रम पुरा कधी करायचा?’ हा आक्षेप येतोच. परीक्षेनंतर महिन्याभरात विसरला जाणारा अभ्यासक्रम पुरा झाला, असे कोणत्या हिशेबाने म्हणावे? साठ मुलांचे दहा गट करता येतात. चर्चेला एक पानही पुरते. खरी अडचण विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उद्धटपणा मानणाऱ्या वृत्तीची आहे. शिक्षणाचा खर्च कोणाच्या घामातून निघतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले, तोही असाच ‘उद्धटपणा’ होता.

मात्र सारा दोष शाळांच्या माथी मारून परिवर्तनवादी चळवळीला मोकळे होता येणार नाही. याच इचलकरंजीत १९७७ साली समाजवादी प्रबोधिनी उभी राहिली आणि आचार्य शांताराम गरुड यांनी लोकशिक्षणाच्या या कामाला आयुष्य वाहिले. आज कार्यकर्त्यांच्या अनेक शिबिरांत काय दिसते? वक्ता दीड तास बोलतो, प्रश्नोत्तरांना दहा मिनिटे उरतात आणि ती आभारप्रदर्शनात जातात. तरुण कार्यकर्ता घोषणा पाठ करून घरी परततो. गाइड पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण तरी होतो. घोषणा पाठ करणारा कार्यकर्ता समाजमाध्यमांवरील पहिल्याच अपप्रचारापुढे निरुत्तर होतो.

म्हणून प्रत्येक अभ्यासवर्गात निम्मा वेळ वाचलेल्या मजकुरावरील चर्चेसाठी राखून ठेवावा. तो मजकूर आठवडाभर आधी वाटावा आणि त्यात विरोधी विचाराचा एक लेख अवश्य असावा. चळवळीतील शिक्षकांनी आपल्या वर्गात आठवड्यातून एक तास हाच प्रयोग करावा. सत्तेला जाब विचारणारी जनता ज्यांना हवी आहे, त्यांनी आधी आपल्या वर्गात आणि आपल्या शिबिरात स्वतःला जाब विचारू दिला पाहिजे.