घसाऱ्याची गाडी

आमच्या सोसायटीत भांडणाला विषय कमी पडत नाहीत. पाणी आहे, पार्किंग आहे, वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांतून खालच्या मजल्यावरच्या पापडांवर होणारा अभिषेक आहे. असं असताना ऑगस्ट 2024 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अडीच तास खडाजंगी झाली ती एका हातगाडीवरून. वाचकहो, हसू नका. आधी आम्हीही हसलो होतो.

ही गाडी सोसायटीने एप्रिल 1988 मध्ये बाराशे रुपयांना घेतली. दोन चाकं, लोखंडी अँगलचा सांगाडा, वर फळ्या आणि ढकलायला दांडा. नाहूरला स्टेशन झालं 2003 साली. तोवर आम्ही नाहूरकर भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरून पायपीट करणारे. म्हणजे गाडी आमच्या स्टेशनपेक्षा पंधरा वर्षांनी वडील! तिच्यावरून सिमेंटच्या गोण्या आल्या, टाकीतला गाळ गेला, आणि दरवर्षी सोसायटीचा गणपती भांडुपच्या शिवाजी तलावावर गेला. हल्ली मात्र तिची बेअरिंगं किरकिरतात, दोन फळ्या कुजल्यात आणि एक चाक, सरळ ढकललं तरी, डावीकडे जायचा हट्ट धरतं.

"नवी घेऊन टाकू हो! किती दिवस त्या डबड्याला ठिगळं लावायची?" चेअरमनसाहेब म्हणाले. नवीचं कोटेशन होतं साडेअठरा हजारांचं. भांडुपच्या गाळ्यातल्या वेल्डरने दुरुस्तीचे बेचाळीसशे सांगितले होते.

"छत्तीस वर्षं झाली, साहेब," खजिनदार म्हणाले. "पुस्तकात तिची किंमत आता शून्य!"

इथे आमच्यातला बी.कॉम. जागा झाला. एरवी तो फक्त मार्चअखेरीला जागा होतो.

आम्ही उठून सांगितलं की घसारा दोन रीतींनी काढतात. सरळ रेषेच्या रीतीने दरसाल दहा टक्के कापले तर ही गाडी 1998 सालीच शून्यावर आली, वारली. पण घटत्या शिलकेच्या रीतीने, म्हणजे उरलेल्या रकमेवर दहा टक्के कापत गेलं, तर किंमत उतरत जाते पण शून्य कधीच होत नाही. त्या हिशेबाने मार्च 2024 अखेर गाडी सत्तावीस रुपयांची आहे. कुणीतरी टाळी वाजवली. ती थट्टेची होती, पण आम्ही ती जमेला धरली.

आणि 1998 साली वारलेल्या या गाडीने पुढे काय केलं? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमचे वडील घाटकोपरहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाले. कोपऱ्यावर पोचले तेव्हा त्यांचे पाय उचलेनात. मी आणि वॉचमनने त्यांना याच गाडीवर बसवून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तिच्यावरूनच पिण्याच्या पाण्याचे कॅन आले. तेव्हा तिला कुणी डबडं म्हटलं नव्हतं.

पण भावना बाजूला ठेवू, कारण सभेत भावनेला अनुमोदक मिळत नाही. आमचं भांडण त्या 'टाकून द्या' म्हणण्याशी आहे. आमची स्कूटर पंधरा वर्षांची झाली तेव्हा आर.टी.ओ.ने तिला आधी तपासलं आणि मग पाच वर्षं वाढवून दिली. सरकारसुद्धा आधी तपासतं! आमच्या कमिटीने कोटेशन आणलं, पण गाडी उलटी करून कुणी बघितली नाही. ती आम्ही बघितली. सांगाड्यावर हातोडी मारली, खणखणीत आवाज आला. जिथे गंज होता तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो आत गेला नाही. आस सरळ आहे. सांगाडा पोकळ लागला असता, तर भंगारवाल्याला आम्हीच हाक मारली असती. कुजलेल्या अँगलवर नवी फळी ठोकणं म्हणजे पडक्या दातावर सोन्याची टोपी. गेलंय काय, तर बेअरिंग, फळ्या आणि रंग.

आणि ते का गेलं? उपविधीप्रमाणे इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दरसाल आपण दुरुस्ती निधीत भरतो. त्यातून इतक्या वर्षांत बोटभर ग्रीस कुणी आणलं? चार पावसाळे गाडी उघड्यावर भिजली. ताडपत्री मात्र चेअरमनसाहेबांच्या मोटारीवर होती. (हे वाक्य इतिवृत्तात आलेलं नाही.)

नवी गाडीही आम्ही दुकानात जाऊन पाहिली. दिसायला देखणी, निळा रंग. पण पातळ पाइप, आणि चाकाचं बेअरिंग आतच ठोकून बसवलेलं. ते गेलं की चाकासकट नवं घ्या, असं दुकानदाराने स्वतःच सांगितलं, तेही अभिमानाने! म्हणजे साडेअठरा हजार देऊन आम्ही न दुरुस्त होणारी गाडी घ्यायची, कारण जुनी दुरुस्त होते याचा आम्हाला कंटाळा आलाय.

"अहो, पण जुनी गाडी चारचौघांत बरी दिसत नाही," एक काकू म्हणाल्या. हे मात्र खरं होतं. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. रंग चांगला लावू, एवढंच म्हणालो.

शेवटी हात वर झाले. दुरुस्तीच्या बाजूने तेरा, विरुद्ध अकरा. तेरातला एक हात आमच्या हिचा होता. तो आम्ही पाहिला तेव्हा सभा सार्थकी लागली असं वाटलं. घरी आल्यावर कळलं, ती वेळ काय झाली ते विचारत होती.

गणपतीला तेरा दिवस उरले होते. गाडी भांडुपला नेणार कोण, असा प्रश्न निघाला आणि अख्खी सभा आमच्याकडे बघू लागली. मंगळवारी रजा टाकली. मुलगा पुढे, आम्ही दांड्याला, असे लालबहादूर शास्त्री मार्गाने निघालो. चाक डावीकडे, आम्ही उजवीकडे. किरकिर अशी की भांडुपपर्यंत मागच्या एकाही रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही.