तमाम लोकांस कळविण्यात येते की…

रविवारच्या पेपरात जागांच्या जाहिराती दोन प्रकारच्या असतात. पहिली पानभर आणि रंगीत: पोहण्याचा तलाव, हिरवळीवर योगासनं करणारं जोडपं, 'स्टेशनपासून अवघी पाच मिनिटं' आणि मोठ्या अक्षरांत किंमत, जिच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. दुसरी आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत. 'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की…' अशी सुरुवात, मग गट नंबर, चतुःसीमा, विकणाऱ्याचं नाव आणि शेवटी वकिलाची सूचना: कोणाचा हक्क, बोजा, दावा असल्यास अमुक दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. पहिल्यांदाच जागेत पैसा गुंतवायला निघालेला माणूस पहिली जाहिरात कापून ठेवतो. दुसरीच्या पानावर भेळ खातो.

जागेचा व्यवहार मात्र या दुसऱ्या पानाच्या भाषेत चालतो. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची हकीकत त्यासाठी पुरेशी आहे. तिथे घर घेणाऱ्यांनी डोळे मिटून पैसे टाकले नव्हते. प्रकल्पांना महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाचा, नोंदणी क्रमांक होता. अनेकांना बँकांनी गृहकर्ज दिलं होतं, म्हणजे बँकेच्या वकिलानेही फाइल चाळली होती. खोटा होता तो सगळ्यांत खालचा कागद, महापालिकेची बांधकाम परवानगी. बनावट परवाने महारेराकडे सादर झाले, त्यांच्या आधारे नोंदणी मिळाली आणि त्या नोंदणीवर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. एका वास्तुविशारदाने प्रकरण न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले.

त्याच सुमारास नालासोपारा पूर्वेला ४१ इमारतींवर हातोडा पडला. ती जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. आरक्षण दाखवणारा आराखडा महापालिकेत कुणालाही पाहता येतो. घर घेणाऱ्यांपैकी किती जण तो पाहायला गेले असतील?

म्हणून जाणते दलाल आणि जुने वकील नवख्याला एकच सवय लावू पाहतात. विकणाऱ्याने हातात दिलेली झेरॉक्स फक्त पत्ता म्हणून वापरायची आणि प्रत्येक कागद जिथे जन्माला आला त्या कचेरीत जाऊन पुन्हा मागायचा. परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागातून, सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून, दस्त दुय्यम निबंधकाकडून. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तेवढ्यात हल्ली धड कटिंग चहाही येत नाही.

सातबारा हातात आला की नवखा मालकाचं नाव वाचतो आणि कागद घडी करून खिशात ठेवतो. खरी गंमत त्याच्या शेजारी, 'इतर हक्क' या रकान्यात असते. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, वाटेचा किंवा विहिरीचा हक्क, न्यायालयातला दावा, सगळं तिथे दाटीवाटीने बसलेलं असतं. वर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नावांच्या खाली फेरफार क्रमांक असतात. ते एकेक उलगडत मागे गेलं, की आजोबांच्या वारसांत आत्यांची नावं लागली होती का, हे कळतं. आत्याचं नाव राहून गेलं असेल, तर ती किंवा तिची मुलं कधीतरी दारात उभी राहणारच. वकील तीस वर्षांचा शोध अहवाल काढतात तो यासाठीच. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याची जागा मालमत्ता पत्रक घेतं, पण वाचायची रीत तीच.

पुणे, रायगड, नाशिककडे सुट्टीच्या दिवशी गाडीने नेऊन दाखवले जाणारे 'फार्महाऊस प्लॉट' ही नवख्याची खास घसरगुंडी. तिथे दोन कायदे वाटेत आडवे बसलेले असतात. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, आणि २०२३ मध्ये ठरलेलं किमान प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे, बागायतीला दहा गुंठे. त्याहून लहान तुकड्याची खरेदी रीतसर नोंदवताना अडचण येते. मग दलाल सुचवतो, 'नोटरीवर करू, काही होत नाही.' किंवा दहा जणांचा मिळून सामाईक सातबारा, किंवा नुसतं कुलमुखत्यारपत्र. नोटरीचा शिक्का म्हणजे दस्ताची नोंदणी नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवावीच लागते. केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट केलं. तुकडेबंदीत सवलत देण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली. तेव्हापासून दलालांच्या तोंडी 'आता सगळं मोकळं झालंय' हे वाक्य आहे. ती सवलत या विशिष्ट गटाला लागू होते का, एवढाच प्रश्न तहसील कचेरीत विचारायचा असतो.

फ्लॅटचं गणित त्या मानाने सरळ. २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा कायद्याने ग्राहकाच्या हातात काही हत्यारं दिली. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या आणि आठाहून जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची झाली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर दुरुस्ती बिल्डरच्या माथी. डोंबिवलीने शिकवलं ते इतकंच, की महारेराच्या पानावरचा परवाना तिथून उतरवून महापालिकेच्या खिडकीपर्यंत नेण्याचं शेवटचं पाऊल ज्याचं त्यालाच टाकावं लागतं.

कागद स्वच्छ निघाले, की पाळी येते वहीची. समजा, पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी, ३ लाख. किंमत झाली साडेसदुसष्ट लाख, आणि दलाली, पार्किंग, पंखे-गिझर अजून बाहेरच उभे आहेत. या किमतीच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४८ लाख देऊ शकते. शुल्क नि करांसकट खिशातून साडेएकोणीस लाख काढावे लागतात. नवखा 'वीस टक्के' ऐकून बारा लाख जमवून येतो आणि वरच्या साडेसात लाखांसाठी बायकोचे दागिने किंवा भावाचा फोन नंबर शोधू लागतो. खरेदी बाईच्या एकटीच्या नावाने केली, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. इथे साठ हजार वाचतात.

आता भाडं. महिना १८ हजार मिळालं असं धरलं, तर वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना, सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार आणि मिळकतकराचे दहा हजार वजा केले, की उरतात १ लाख ५८ हजार. साडेसदुसष्ट लाखांवर हे वर्षाला अडीच टक्केही भरत नाही. तिकडे साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना साडेएकेचाळीस हजारांच्या पुढे. 'भाड्यातून हप्ता निघतो' हे वाक्य या वहीत कुठेच बसत नाही. मग सगळी भिस्त पुढे भाव वाढण्यावर राहते, आणि भाव वाढला तरी त्या दिवशी गिऱ्हाईक दारात असायला लागतं.

गिऱ्हाईक नसलं की काय होतं, ते वरसगाव धरणाच्या काठी पाहायला मिळतं. तिथल्या लवासा या नियोजित डोंगरी शहरात दुसरं घर घेणाऱ्यांपुढे युरोपातल्या गावासारखी चित्रं होती. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं आणि २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. म्युच्युअल फंड फोनवरून विकता येतो. डोंगरातला फ्लॅट विकायला आधी रस्ता, पाणी नि शेजारी लागतात. ज्याच्याकडे दोन-चार लाखच आहेत आणि ते कधी परत लागतील याची खात्री नाही, त्याला शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचा पर्याय आहे. एम्बसी ऑफिस पार्क्सपासून २०१९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकारात ऑफिसांच्या भाड्यातला वाटा मिळतो, आणि २०२१ पासून अगदी एक युनिटही घेता येतं. मात्र त्या युनिटचा भाव रोज खालीवर होतो.

भाड्याने द्यायचं झालं, तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं ही महाराष्ट्रात मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. 'ओळखीतला मुलगा आहे' या भरवशावर तोंडी दिलेल्या घराचे वाद पुढे याच कराराच्या अभावी चिघळतात.

हे सगळं सोसून एखाद्याने शेवटी एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉट पसंत केला, तर वकील खरेदीआधी जाहीर नोटीस द्यायला सांगतो. रंगीत पानाच्या मागे, बारीक अक्षरांत ती छापून येते. मुदत संपते, कुणी हरकत घेत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो निघतो, अंगठे उमटतात, खरेदीखत होतं आणि घरी पेढे येतात. पण सातबाऱ्यावर अजून जुनाच मालक असतो. फेरफारासाठी तलाठी, म्हणजे हल्लीचा ग्राम महसूल अधिकारी, आपली वेगळी नोटीस काढतो. या वेळी तिच्यात घेणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं, आणि पुढचे पंधरा दिवस त्या नावावर हरकत घेता येते.