धम्मयात्रेत एक दिवस समुद्राचा



श्रीलंकेची धम्मयात्रा करून आलेल्या कुटुंबांना आम्ही आवर्जून विचारतो, "समुद्रात उतरलात का?" उत्तर बहुधा एकच मिळते, "समुद्र पाहिला हो, बसमधून." अनुराधापूरचा बोधिवृक्ष, मिहिंतले, दंबुल्ल्याची लेणी, कँडीचे दंतधातू विहार, केलनिया आणि मग थेट विमानतळ. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या बेटावर आठ दिवस राहून पायाला खारे पाणी न लागताच आमची माणसे परत येतात. एखाद्या सुनेने विषय काढलाच, तर वडीलधारे म्हणतात, "आपण धम्मासाठी आलोय, मौजमजेसाठी नाही." पंचशीलात समुद्रस्नान वर्ज्य असल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

मे १९५० मध्ये परमपूज्य बाबासाहेब माईसाहेबांसह जागतिक बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला गेले, तेव्हा तिथल्या लोकांच्या आचरणात धम्म कितपत जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहणे हाही त्यांचा एक हेतू होता. आम्ही म्हणतो, तो हेतू धरूनच आपणही जावे. पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध असलेली कष्टकरी घरे सुट्टीचा दिवस कसा घालवतात, हे विहाराच्या पायरीवर निम्मेच दिसते. उरलेले निम्मे पाहायचे तर मातरा शहराजवळच्या पोल्हेना किनाऱ्यावर जावे.

मुंबईकर वाचकांना समुद्र नवा नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून दादरच्या वाळूत बसलेली माणसे आपण दरवर्षी पाहतो. पण आपल्या बायका पाण्याच्या कडेला उभ्या राहतात, एका हाताने साडी सावरत, दुसऱ्या हाताने मुलाचे मनगट घट्ट धरून. लाट आली की मागे, गेली की दोन पावले पुढे.

पोल्हेनाला तसे करावे लागत नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली पोवळ्यांच्या खडकांची रांग आहे. बाहेरच्या समुद्राची लाट त्या खडकांवर आपटून तिथेच फुटते. आत येते ते नुसते हेलकावणारे, उथळ, कोमट पाणी. त्यामुळे हा किनारा परदेशी पाहुण्यांपेक्षा तिथल्याच कुटुंबांचा. आम्ही गेलो तो पौर्णिमेचा दिवस होता. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. (आमच्या माताभगिनींना या दुसऱ्या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.) सकाळी पांढऱ्या वस्त्रात विहारात फुले वाहून आलेली माणसे दुपारी पाण्यात बसलेली होती. आज्या छातीवर लुगडे गुंडाळून, मुली अंगातल्या कपड्यांनिशी, बाप लेकरांना खांद्यावर घेऊन. कुणी कुणाकडे टक लावून पाहत नव्हते. काठावर भाताची पुडकी उघडली जात होती. नारळ आणि सुक्या मिरचीची फोडणी दिलेले हरभरे मिळतात, ते आपल्या उसळीचेच भाऊबंद. शिवाय तिखटमीठ लावलेले अननस आणि नारिंगी रंगाची शहाळी.

आमच्या सोबत साठी ओलांडलेल्या एक मावशी होत्या, मूळच्या मराठवाड्यातल्या. लहानपणी गावच्या आडावर ओंजळ धरून उभे राहायचे आणि वरून कुणी ओतेल तेवढेच पाणी घ्यायचे, हे त्यांनी स्वतः भोगलेले. सुनेचा हात धरून त्या घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या, मग गुडघ्याएवढ्या, मग नऊवारीसह चक्क बसल्या. पाणी नाकातोंडात गेले तेव्हा आम्ही घाबरलो. त्या मात्र ठसकत हसू लागल्या आणि सुनेला म्हणाल्या, "सोड की आता माझा हात!" पुढचा तासभर त्यांना बाहेर काढणे कुणाला जमले नाही.

आपल्या घरांत पोहता येणारी बाई किती, याची मोजदाद वाचकांनी आपापल्या घरात करावी. खेड्यात पोहणे शिकतात ते विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. विहीर ज्यांची, पोहणे त्यांच्या पोरांचे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. पण ज्या आजीला पाण्याजवळ फिरकू दिले नाही, तिने आपल्या लेकीला काय शिकवावे? तिने शिकवले ते भय, आणि लेकीने नातीला तेच दिले. म्हणून ही सहल नुसती चैन आहे असे आम्हाला वाटत नाही. यात्रेला जाण्याआधी महिला मंडळांनी मुलींना जवळच्या नगरपालिकेच्या तलावात पोहण्याच्या वर्गाला घातले, तर फारच उत्तम.

आता जायचे कसे ते सांगतो. कोलंबो फोर्ट स्थानकातून मातराला आगगाडी जाते, अंतर सुमारे १६० किलोमीटर. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. रूळ बराच वेळ समुद्राला बिलगून धावतात. वाटेत बालपिटिय लागते. हे नाव आपल्या मुलांना जरूर सांगा. १७५३ नंतर सयामी परंपरेने तिथला भिक्खूसंघ पुन्हा उभा राहिला, पण त्यात उपसंपदा मिळे ती फक्त गोविगम या वरिष्ठ जातीला. होय, बौद्ध देशातही जात शिरली होती! तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले अंबगहपिटिये ज्ञानविमल ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आले, आणि १८०३ साली बालपिटियच्या माडू नदीच्या पाण्यावर त्यांनी नवी उपसंपदा सुरू केली. तोच अमरपूर निकाय. पाण्यावर सीमा ठरवून उपसंपदा देण्याची सोय विनयातच आहे. त्यासाठी कुणा राजाची जमीन मागावी लागत नाही.

पुढे पेरालिय येते. २६ डिसेंबर २००४, तोही पोयाचाच दिवस. त्सुनामीच्या लाटांनी इथे भरलेली आगगाडी उलथवली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. जपानी बौद्धांच्या मदतीने तिथे बामियानच्या धर्तीवर तथागतांची उभी मूर्ती उभारली आहे. त्या भागात चुन्यासाठी पोवळ्यांचे खडक फोडले गेले होते, आणि जिथे ते फोडले तिथे पाणी अधिक आत घुसले, असे नंतरच्या पाहणीत दिसले. म्हणून पोल्हेनाच्या खडकांवर पाय देऊ नका, तुकडा खिशात घालू नका. तुमच्या लेकरापुढे लाट अडवून उभा आहे तो हाच खडक. आणि कोणत्याही किनाऱ्यावर समुद्र अचानक दूरवर ओसरलेला दिसला, तर पाहायला पुढे न धावता मुलांना घेऊन उंचावर पळा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते एप्रिल या दिवसांतच जा; मे महिन्यात आपल्या कोकणाकडे निघालेला पाऊस आधी हाच किनारा खवळवतो. खडकांच्या रांगेपलीकडे कुणीही जायचे नाही, पोहणाऱ्यानेही नाही. पाण्यात काटेरी प्राणी असतात, तेव्हा पट्ट्याची चप्पल घालूनच उतरा. कासव दिसले तर लांबून पाहा. आडोशासाठी एक जुनी साडी जवळ ठेवा.

आणि तरुण मुलांसाठी खास. आपल्याकडे श्रद्धेने दंडावर तथागतांचे चित्र गोंदवतात, छातीवर मूर्ती छापलेला सदरा घालतात. तिथे हा अवमान समजला जातो. २०१४ साली दंडावर असे गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईला देशाबाहेर पाठवले होते. पुढे २०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली. तरी परदेशात कोर्टकचेरी कशाला? बाहीचा सदरा अंगात ठेवून पाण्यात उतरावे. मूर्तीकडे पाठ करून फोटोही काढू नये.

वेळ उरला तर मातरा बसस्थानकासमोरच्या चिमुकल्या बेटावर परवी दूव विहार आहे, तिथे पादचारी पुलावरून जाता येते. संध्याकाळच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. परतताना समुद्र डाव्या हाताला असतो, आणि पोरे तोवर झोपलेली असतात.