वेग आणि विवेक

सायकलीवर तोल साधला, की मुलांना मोटारसायकलीची ओढ लागते. यात नवल नाही. वेगाची आवड हा कोवळ्या वयाचा स्वभावच होय. घरात खिळ्याला स्कूटरची किल्ली टांगलेली असते, गिरणीतून दळण आणावयाचे असते, आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गाडी बाहेर काढतो. शेजारी कौतुकाने म्हणतात, "मुलगा किती तयार झाला!" हे कौतुक मात्र तपासून पाहिले पाहिजे.

गाडी चालविणे म्हणजे केवळ मूठ पिळणे आणि ब्रेक दाबणे नव्हे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर अंतर कापते. समोर अकस्मात वासरू आडवे आले, तर ते दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद निघून जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १० मीटर पुढे गेलेली असते. पुढे ब्रेक लागल्यावरही ती लगेच थांबत नाही. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. रस्ता ओला असेल, तर ते आणखी वाढते. हा हिशेब हातांना आपोआप कळत नाही. तो बुद्धीला शिकवावा लागतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाडी चालविण्यास १८ वर्षे वयाची अट घातली आहे. ५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलीसाठी ती १६ वर्षांची आहे. परंतु घरोघरी दिसणाऱ्या स्कूटरचे इंजिन बहुधा त्याहून मोठे असते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवानाही मिळत नाही. मुलाच्या हाती गाडी देणारा मोठा माणूसही दोषी आहे, हे कायद्याने ओळखले, ते योग्यच झाले.

यावर कोणी म्हणेल, "शाळा दूर आहे, एस.टी. वेळेवर येत नाही; मुलांनी करावे तरी काय?" ही अडचण खरी आहे. परंतु तिचे उत्तर एस.टी.ची फेरी वाढविणे आणि सायकलीसाठी निर्धोक वाट करून देणे हे आहे. मुलाचा जीव पणाला लावणे हे नव्हे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरील लोकांचा होता.

म्हणून वाहतुकीचे शिक्षण परवान्याच्या वेळी नव्हे, तर शाळेतच सुरू झाले पाहिजे. खुणांचा अर्थ जाणणे, पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालणे, मागे बसतानाही हेल्मेट घालणे, आणि वडील ते विसरले तर नम्रपणे आठवण देणे, हे सारे बाराव्या वर्षीही करता येते. ज्याने ही शिस्त आधी अंगी बाणविली, त्याच्या हाती अठराव्या वर्षी गाडी शोभेल. आणि तोवर धीर धरणे हाही त्या शिक्षणाचाच एक पाठ होय.