रस्ता रुंद नको, संथ हवा

माजरीत सायकल ठेवणे म्हणजे कोळशाशी रोजचे भांडण. चेनला तेल पाजले की त्यावर काळी भुकटी येऊन बसते, दोन्हींचा मिळून खरखरीत लगदा होतो आणि तोच चेन अन् फ्रीव्हीलचे दाते खात सुटतो. नवी माजरी, तेलवासा, ढोरवासा या खुल्या खाणींच्या पट्ट्यात रस्ता डंपरचा. सायकलवाल्याने तोंडाला दुपट्टा बांधून काठाकाठाने जायचे. म्हणून सुट्टीच्या दिवशी इथला हौशी माणूस हँडल पूर्वेला वळवतो. भद्रावती गाठायची, नागपूर-चंद्रपूर महामार्ग ओलांडायचा आणि चंदनखेडा, मुधोली करत मोहर्लीच्या बाजूला लागायचे. हवा बदलते, झाडी बदलते, मागून येणाऱ्या हॉर्नचा आवाज तुटतो.

हा रस्ता आपल्याला वाचवायचा आहे.

तो उद्याच कोणी उखडणार आहे असे नव्हे. धोका त्याहून साधा आहे आणि म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. ताडोब्याचे नाव झाले, इरई जलाशयाच्या कडेला रिसॉर्ट उभे राहिले, आणि उजाडता उजाडता सफारीचे फाटक गाठायला निघालेल्या गाड्या याच अरुंद डांबरी रस्त्यांवरून धावू लागल्या. सफारीच्या जिप्सीला जंगलात वेगाची मर्यादा असते. तिच्यात बसायला येणारा माणूस मात्र फाटकाबाहेरच्या जंगलातून, अंधार असताना, उशीर झाला म्हणून ॲक्सिलरेटर दाबत येतो. वाघ, अस्वल, चितळ यांचे हिंडणे-फिरणे त्याच वेळी चालू असते. उद्या याच गर्दीकडे बोट दाखवून रस्ता रुंद करा, वळणे काढा, सिमेंटचा करा अशी मागणी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वरोरा, मूल, चिमूर, सगळीकडे हीच गोष्ट आपण पाहिली आहे.

ताडोब्याला डोंगर म्हटले तर सह्याद्रीकडचे वाचक हसतील. हसू द्या. चिखलदऱ्याचा घाट 1118 मीटरवर नेतो, आमच्या टेकड्या तशा नाहीत. पण सायकलच्या पायडलला जे चढ-उतार कळतात ते मोटारीच्या बुडाला कधी कळत नाहीत. इथला चढ लांबट आणि फसवा. सरळ वाटतो, पण मांड्या भरून येतात. साग संपून बांबू लागतो, मधेच ऐनाचे मगरपाठीसारख्या सालीचे झाड, मग तेंदू, धावडा, मोह. फेब्रुवारीत सागाची पाने गळून जंगल आरपार दिसू लागते आणि पळस पेटतो. सायकलच्या वेगाने जाणाऱ्यालाच रस्त्याकडेची धूळ वाचता येते. चितळाचे खूर, रानडुकराने उकरलेली माती, आणि कधी तरी डांबरालगत अर्धा उमटलेला, तळव्याएवढा पंजा. डांबराच्या दोन्ही बाजूंची ही हातभर धूळ म्हणजे या जंगलाचे रोजचे वर्तमानपत्र आहे. रुंदीकरणात सर्वांत आधी तीच गाडली जाते.

हे जंगल आहे तरी किती जुने राखलेले? ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले पहिले. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य आले, 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, 2010 मध्ये सुमारे 1100 चौरस किलोमीटरचे बफर जोडले गेले. त्याही आधीच्या काळाची खूण मोहर्ली ते ताडोबा रस्त्यावर अजून उभी आहे. तिथे ओळीने दगडी खांब दिसतात. गोंड राजाची स्वारी निघाली की या खांबांवरून ओढलेल्या दोराने घंटा वाजवत पुढे वर्दी देत, असे जुने लोक सांगतात. राजासुद्धा या वाटेने आवाज देऊन जात असे, एवढे यातून घेतले तरी पुष्कळ आहे. मोहफुलांचे पोते कॅरिअरला रबरी ट्यूबने आवळून निघालेला मुधोलीकडचा एक म्हातारा मला हेच त्याच्या भाषेत सांगून गेला, "घंटी वाजवत जा ना बावा. त्याले बी समजलं पाह्यजे, माणूस येऊन राह्यला म्हून."

सायकल म्हटली की लायक्रा घातलेले शहरी लोक डोळ्यांसमोर येतात. त्यांनीही यावे. पण हा रस्ता मुळात या म्हाताऱ्याचा आहे, दुधाचे कॅन नेणाऱ्याचा आहे, शाळेच्या पोरींचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. सरकारने एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने रस्ता असा करायचा की आईबाप पोरीला सायकलवर पाठवायला धजणार नाहीत, हा कुठला न्याय?

वेगाने काय होते, ते विदर्भाला नव्याने शिकायचे नाही. 29 डिसेंबर 2017 ला बोरचा प्रसिद्ध वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीखाली गेला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडले. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली, त्यातल्या सर्वांत लांब वाटा 750 मीटरच्या आहेत, आणि वाघ त्या वापरतात हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिले. फार चांगले झाले. पण ती वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेरीनंतर, महामार्ग होणारच म्हटल्यावर काढलेली वाट होती. आपल्या मोहर्लीच्या रस्त्यासाठी असे काहीच बांधायची गरज नाही. आहे तो वेग टिकवला तरी पुरे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कायदाही आपल्या बाजूला आहे, हे गावोगावी माहीत व्हायला हवे. ताडोब्याभोवतीचा इको-सेन्सिटिव्ह झोन 2019 मध्ये अधिसूचित झाला. अशा झोनमध्ये असलेल्या रस्त्याचे रुंदीकरण आणि रात्रीची व्यावसायिक वाहतूक ही नियंत्रणाखालची कामे असतात. उठले आणि केले असे चालत नाही. ज्यांना उत्तेजन द्यायचे त्या कामांच्या यादीत पर्यावरणाला सोसणारी वाहतूक आहे. यात सायकल नाही तर काय बसते? कर्नाटकात बंदिपूरच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. तो दोन राज्यांना जोडणारा रस्ता आहे, तरी जमले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पर्यटक सायकलने आणि सायकलरिक्षाने फिरतात, आणि तिथले रिक्षावाले पक्ष्यांचे उत्तम जाणकार झाले आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याची सायकल घेऊन कान्हेरीचा चढ चढणारी मुले मुंबईने पाहिली आहेत. मग चंद्रपूरनेच काय पाप केले?

वाघाचे काय, हा प्रश्न टाळून हा लेख लिहिणे लबाडीचे होईल. 2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात कामावरून घरी निघालेल्या कंत्राटी कामगाराला वाघाने मारले. या जिल्ह्यात दर वर्षी मोह वेचताना, तेंदूपाने तोडताना, गुरे राखताना माणसे मरतात. तेव्हा कोअरमध्ये सायकल सोडा अशी मागणी मी करणार नाही, कोणी केली तर विरोध करीन. बोलणे चालले आहे ते बफरमधल्या, गावागावांना जोडणाऱ्या, आजही वापरात असलेल्या डांबरी रस्त्याचे. तिथेही सूर्य चांगला वर आल्यावर निघावे आणि उन्हे कलण्याआधी गावात असावे. एकट्याने जाऊ नये. कानात इअरफोन घालू नये, वानर खाकरले किंवा चितळ ओरडले तर तेच आधी ऐकू यायला हवे. झुडपाशी थांबून, वाकून फोटो काढू नयेत. बिबट्याला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही. वनखात्याच्या किंवा गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या लोकांनी आज जाऊ नका म्हटले की निमूट परतावे. आणि मे महिन्यात, पारा 47 च्या घरात असताना, हा हट्ट धरूच नये. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ पुरेसा आहे.

रस्ता रुंद झाला नाही तर बाळंतीण दवाखान्यात कशी न्यायची, असे गावातला माणूस विचारील, आणि त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर हे की खड्डे बुजवा, साइडपट्ट्या भरा, नाल्यांवरचे पूल उंच करा, पावसाळ्यात रस्ता तुटू देऊ नका. रुग्णवाहिका अडते ती खड्ड्यात आणि पुरात. वळण काढल्याने वाचतात ती दोन-चार मिनिटे, आणि ती वाचतात बाहेरगावच्या मोटारीची. गावकऱ्याला रात्री जावे लागले तर त्याला कोणी अडवू नये. बंदी हवी ती पर्यटकांच्या आणि मालवाहू गाड्यांच्या रात्रीच्या धावण्यावर. सफारीची पहाट गाठायची असेल त्याने आदल्या संध्याकाळी येऊन गावातल्या होमस्टेमध्ये मुक्काम करावा. चार पैसे गावात राहतील.

सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आपले मागणे एवढेच असावे की दुरुस्ती करा, रुंदी आहे तीच ठेवा, जंगलाच्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर गतिरोधक आणि वेगमर्यादेचे फलक लावा. वनखात्याने हिवाळ्यातल्या रविवारी दिवसाचे काही तास या रस्त्यावर सायकलींना मोकळीक द्यावी, गावातल्या तरुणांना मार्गदर्शक म्हणून सोबत द्यावे. भद्रावती, वरोरा, वणी, चंद्रपूर इथल्या सायकलवाल्यांनी नुसते किलोमीटर मोजत न बसता चंदनखेड्यात चहा प्यावा, मुधोलीत जेवावे, पंक्चर काढणाऱ्याशी ओळख ठेवावी. रस्त्यासाठी बोलायची वेळ येईल तेव्हा हीच माणसे आपल्या बाजूने उभी राहणार आहेत.

ग्रामसभेची ताकद कमी समजू नका. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. तिथे जंगल मिळाले, इथे एक रस्ता आहे तसा राहू द्यायचा आहे. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत भद्रावती ते मोहर्ली रस्त्यावरच्या प्रत्येक गावाने हा विषय पटलावर घ्यावा. रुंदीकरण नको, वेगमर्यादा हवी, पर्यटकांच्या गाड्यांना रात्री बंदी हवी, असा तीन ओळींचा ठराव करावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी, बांधकाम विभाग आणि ताडोब्याच्या क्षेत्र संचालकांना पाठवून पोच घ्यावी. ज्यांचे गाव या रस्त्यावर नाही त्यांनी सायकल काढावी, घंटी तपासावी आणि त्या दिवशी ग्रामसभेला बाहेर बसून ऐकायला यावे.